पिवळ्या वहीतल्या सव्वीस खुणा

पाळणाघरात मावशींचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. वीस वर्षांत कितीतरी पोरं त्यांचं बोट धरून चालायला शिकली होती. स्वतः मावशींचं चालणं मात्र असं भारदस्त, की त्या खोलीत शिरल्या की लाकडी जमीन हादरायची आणि डब्यातले ठोकळे खुळखुळायचे. "मी आले की सगळ्यांना कळतं," असं त्या मिरवून सांगायच्या.

दर शुक्रवारी त्या प्रत्येक पोराची पिवळी वही भरत. धरून उभं राहतं का, बोटाने दाखवतं का, हाक मारली की वळतं का. जमलं की चौकटीत बरोबरची खूण करायची आणि पानाचा फोटो आईबापांना पाठवायचा. सव्वा वर्षाची ठकी मावशींची जरा जास्तच लाडकी. अजून बोलत नव्हती, पण काही पोरं उशिरा बोलतात, त्यात काय एवढं. "ठकू" म्हणत मावशी दोन पावलं पुढे आल्या की ती गर्रकन वळून हात पसरायची. हाकेच्या चौकटीत सलग सव्वीस आठवडे खूण होती. एकदा तर मावशींनी शेजारी लिहिलंही होतं, 'माझी हाक कधी चुकवत नाही.'

मग जमिनीवर जाड रबरी गादी आली. पोरं पडतात, डोकी आपटतात, म्हणून पाळणाघराच्या चालकबाईंनी ती घातली. सोमवारी मावशींनी हाक मारली, तर ठकी पाठमोरी बसून झाकणावर झाकण ठेवत राहिली. रुसली असेल, मावशी म्हणाल्या. मंगळवारीही तेच. बुधवारी त्यांनी तिच्या पाठीमागे डब्यावर चमचा हाणला. बाकीची पाच पोरं दचकली, एकाने तर भोकाड पसरलं. ठकीचं आपलं झाकणावर झाकण चालू.

मावशींनी चमचा खाली ठेवला. त्यांनी तिला उचलून गादी नसलेल्या कोपऱ्यात बसवलं, मागे गेल्या आणि तोंडातून अवाक्षर न काढता जमिनीवर पाय आपटला. ठकी वळली आणि हात पसरून हसली.

"या आठवड्यात फुली करा आणि डॉक्टरांकडे जा म्हणून सांगा," चालकबाई म्हणाल्या. "मागचं कशाला उकरताय? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"डॉक्टर विचारतील, कधीपासून ऐकत नाही. मग तिच्या आईने माझ्या खोट्या खुणा दाखवायच्या का?" मावशी चिडून म्हणाल्या. चिडल्या होत्या त्या स्वतःवरच. त्यांनी लाल पेनाने सव्वीसच्या सव्वीस खुणा खोडल्या. त्या आठवड्यात फोटो पाठवला नाही, ठकीच्या आईची वाट बघत दारातच बसून राहिल्या.

आई बस चालवायची. कामाच्या कपड्यांतच आली, बूट काढून टेकली, आणि मावशींनी काहीही हातचं न राखता सगळं सांगून टाकलं. मग खाली मान घालून बसल्या. आता ही आपल्याला फाडून खाणार, आणि खाल्लं तर बरोबरच आहे, असं त्यांना वाटत होतं.

आईने वही ओढून घेतली आणि खोडलेल्या खुणांची पानं एकेक करून उलटली.

"घरी ती कधीच वळत नाही," ती हळूच म्हणाली. "तिची झोपमोड नको म्हणून मी मोजे घालून चालते. हाका मारते, तर बघतसुद्धा नाही. आणि शुक्रवारी तुमचा फोटो यायचा. मला वाटायचं, मी दिवसभर बाहेर, म्हणून तिला माझी ओढच नाही. कुणाला सांगायचं हे?"

मावशींनी कपाळावर हात मारला. "अगं पोरी, सव्वीस वेळा तुला चिमटे काढत होते मी. आणि मला वाटायचं, आनंदाची बातमी पाठवतेय."

आईला एकदम रडू आलं. रडता रडता ती हसली, ठकीला छातीशी धरून हसतच राहिली. लेकीचे कान अधू आहेत हे दुःख होतंच, पण ती आपल्यावर रुसलेली नव्हती.

पुढे तपासण्या झाल्या, दोन्ही कानांना छोटी निळी यंत्रं आली. ती ठकीने पहिल्या आठवड्यात चार वेळा उपटून ठोकळ्यांच्या डब्यात टाकली. मावशी दरवेळी शोधून पुन्हा लावत, आणि दर शुक्रवारी वहीत प्रामाणिकपणे फुली करत.

आठव्या शुक्रवारी आई लवकर आली. दारातच बूट काढले, मोज्यांनी गादीवर आली आणि हाक मारली, "ठकू."

झाकण ठकीच्या हातातच राहिलं. तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. समोर मावशी हात पसरून बसल्या होत्या, त्यांच्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. ती वळली आणि धडपडत आईकडे निघाली.

मावशींनी डोळे पुसले आणि वही, पेन आईपुढे धरलं. "ही खूण तू कर."

आईने ठकीला कडेवर घेऊन एका हाताने खूण केली, ती चौकटीच्या बाहेर गेली.

"असू दे," मावशी म्हणाल्या. "आणि आज फोटो तू मला पाठव."