नमुना क्रमांक एक

शिवाजी पार्कच्या मागच्या गल्लीतल्या त्या तीन मजली सोसायटीत पहिला किडा सापडला तो अध्यक्षांच्याच उशीवर. दुसऱ्या कुणाच्या उशीवर सापडला असता तर चपलेखाली गेला असता आणि विषय तिथेच मिटला असता. पण शरच्चंद्र पडले सरकारी खात्यातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी किडा मारून सोडला नाही, त्याची नोंद केली. कोऱ्या कागदावर सेलोटेपखाली चिकटवला, वर तारीख टाकली आणि खाली लिहिलं, 'नमुना क्रमांक एक'.

सुनेत्राबाई चहा गाळत होत्या. कागद त्यांच्या नाकासमोर आला.

"ढेकूण," शरच्चंद्र म्हणाले.

"ढेकूण चपटा असतो हो. माझं लहानपण काळाचौकीच्या चाळीत गेलंय, मला नका सांगू."

"पिल्लू असेल."

झालं. साहेबांनी एकदा शेरा मारला की मारला. बत्तीस वर्षांच्या संसारात तो बदललेला सुनेत्राबाईंनी पाहिला नव्हता. बरं, तोवर साहेबांना काही चावलंही नव्हतं. ढेकूण म्हटल्याबरोबर पाठीला खाज सुटली, संध्याकाळपर्यंत फूटपट्टीने खाजवून खाजवून पाठ लाल झाली, आणि मग तीच पाठ पुरावा म्हणून बायकोला दाखवण्यात आली.

आता ढेकूण आला म्हणजे कुठून तरी आला. अध्यक्षांच्या घरात तो उपजणं शक्यच नव्हतं. कारण शोधायला शरच्चंद्रांना फार लांब जावं लागलं नाही. शेजारच्या ब्लॉकमध्ये सिल्वेस्टर आणि हेलन राहत. सिल्वेस्टरची आई दिवाळीनंतर भायखळ्याला वारली, आणि तिची वेताची आरामखुर्ची तो टेम्पोत घालून घरी घेऊन आला होता. लिफ्टमधून फर्निचर न्यायचं नाही हा शरच्चंद्रांचाच ठराव, म्हणून साठी उलटलेल्या माणसाने ती जिन्याने तिसऱ्या मजल्यावर एकट्याने चढवली. आईची शेवटची सहा वर्षं त्या खुर्चीत गेली होती. आता रोज संध्याकाळी सिल्वेस्टर बाल्कनीत तिच्यात बसून राही, काही न करता.

"वेताच्या भोकाभोकांत असणार," शरच्चंद्र म्हणाले. "आणि ते लोक सामानाला ऊन-बिन दाखवतात का कधी?"

"ते लोक म्हणजे?"

"तू गप्प बस."

आणि त्या गप्प बसल्या, हे काही लपवण्यात अर्थ नाही. हेलनशी त्यांचं वीस वर्षांचं येणंजाणं. हेलनच्या केरेनला शाळेच्या गॅदरिंगसाठी नऊवारी नेसवली ती सुनेत्राबाईंनी. सुनेत्राबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा पंधरा दिवस दुपारची पेज आली ती हेलनकडून. तरीही त्या गप्प बसल्या. आपल्याकडे ढेकूण निघाले म्हणण्यापेक्षा शेजाऱ्याकडून आले म्हणणं जिवाला बरं वाटतं.

गुरुवारी गच्चीवर तातडीची सभा भरली. तोवर नमुने अकरा झाले होते. कागद हातोहात फिरला. कुणी नीट पाहिला नाही, पण चौघांना जागच्या जागी खाज सुटली. दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ तर उभं राहूनच बोलू लागले. ठराव असा झाला की सदर खुर्ची रविवारी सकाळी दहाच्या आत आवाराबाहेर काढावी, आणि मगच पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवावं.

"खुर्चीत काही नाही, भाऊ," सिल्वेस्टर म्हणाला. "मी रोज बसतो. मला कधी चावलं नाही."

"सवय झाली असेल," मागून कुणीतरी म्हणालं, आणि लोक हसले. हसण्यासारखं त्यात काय होतं कोण जाणे.

हेलनने सुनेत्राबाईंकडे पाहिलं. सुनेत्राबाई पाण्याच्या टाकीकडे बघू लागल्या. सिल्वेस्टर म्हणाला, "ठीक आहे," आणि खाली निघून गेला.

शनिवारी दुपारी फवारणीसाठी सामान हलवायचं म्हणून सुनेत्राबाईंनी पलंगाच्या पेटीचं झाकण उचललं. वरच्या गोधड्या काढल्या, आणि खाली हाताला लागल्या त्या ओट्या. चार वर्षांच्या. काळाचौकीला माहेरी गेलं की वहिनी ओटी भरल्याशिवाय सोडत नसे. नारळ, खण, ओंजळभर तांदूळ. ओटीचे तांदूळ बाईने स्वतः खायचे, दुसऱ्या कुणाला द्यायचे नाहीत, टाकायचे तर मुळीच नाहीत. सुनेत्राबाई त्यांची खीर करायच्या. मग रक्तात साखर निघाली, डॉक्टरांनी खीर बंद केली, आणि तेव्हापासून नारळ तेवढे फोडले जात, तांदूळ खणात बांधून पेटीत जात. बघू पुढे, असं म्हणून.

त्यांनी एक गाठ सोडली. तांदळाचं पीठ झालं होतं आणि पिठातून बारीक तपकिरी किडे चहूकडे पळत सुटले. एकेकाला पुढे नाजूक सोंड. पोरकिडे. आयुष्यभर तांदूळ निवडलेल्या बाईला हे ओळखायला भिंग लागत नाही. एक किडा पेटीच्या फटीतून निघून उशीकडे चाललासुद्धा होता.

सुनेत्राबाई ती सोडलेली गाठ तशीच उचलून नवऱ्याकडे गेल्या.

शरच्चंद्रांनी भिंगातून पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

"सोंड आहे," ते शेवटी म्हणाले.

"मग आत्ता जाऊन सिल्वेस्टरला सांगा."

"ठराव झालाय, सुनेत्रा. इतिवृत्त लिहून झालंय, सगळ्यांच्या सह्या आहेत. आता अध्यक्षाच्याच पलंगात किडे निघाले म्हणून सांगत फिरू?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि लाज तुझी जाईल. माहेरच्या ओट्या सडवल्या म्हणतील."

हे मात्र बरोबर लागलं. सुनेत्राबाईंनी गाठ पुन्हा बांधली. हेलनच्या दारावरून दोनदा गेल्या, दोन्ही वेळा बेलपर्यंत हात गेला आणि परत आला. स्वतःचाच एवढा राग त्यांना कधी आला नव्हता.

रविवारी पावणेदहाला त्यांनी खिडकीतून पाहिलं. भंगारवाल्याची हातगाडी फाटकाशी उभी होती. सिल्वेस्टरने खुर्ची खाली आणली होती आणि ओल्या फडक्याने तो तिचे हात पुसत होता. भंगारात द्यायची वस्तू, आणि हा माणूस ती पुसत होता. एक हात झाला, मग दुसरा, मग पाय.

सुनेत्राबाईंनी सगळ्या ओट्या सुपात भरल्या आणि लिफ्टने खाली गेल्या. भंगारवाल्याने खुर्चीला हात घातला होता. त्याला बाजूला सारून त्या सरळ खुर्चीत बसल्या, मांडीवर सूप घेतलं, पहिली गाठ सोडली आणि तांदूळ निवडायला लागल्या.

पार्कातून फेऱ्या मारून येणारी मंडळी फाटकात थांबली. दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ पुढे वाकले. "हे काय, वहिनी?"

"तुमचे ढेकूण," सुनेत्राबाई म्हणाल्या. "माझ्या ओटीतले. चार वर्षं मी पलंगाखाली पाळलेत. ह्या खुर्चीत काही नव्हतं, आणि मला हे कालपासून ठाऊक आहे." कालपासून हा शब्द त्यांनी मुद्दाम मोठ्याने उच्चारला, कारण तोच सगळ्यात जड होता.

सिल्वेस्टरबरोबर खाली आलेली हेलन जवळ आली. सुपात बघितलं, मग सुनेत्राबाईंकडे.

"ऊठ," ती म्हणाली.

सुनेत्राबाई गुडघा धरून उठल्या. हेलनने सूप त्यांच्या हातून घेतलं आणि फाटकाजवळच्या कट्ट्यावर, जिथे ऊन होतं, तिथे नेऊन ठेवलं.

"सावलीत कधी किडे जातात काय गो? एवढं पण विसरलीस?" म्हणत ती स्वतः कट्ट्यावर बसली. शेजारी जागा ठेवून बसली.

एवढ्यात शरच्चंद्र इतिवृत्ताची वही घेऊन, पाठ खाजवत खाली आले. जमलेली माणसं पाहून त्यांचा हात पाठीवरच राहिला. सिल्वेस्टर खुर्ची उचलायला वाकला, तशी हेलन बसल्या जागेवरून म्हणाली, "तू राहू दे. भाऊ नेतील वर."

शरच्चंद्रांनी बायकोकडे पाहिलं. बायको किडे निवडत होती. त्यांनी वही काखेत मारली, खुर्ची कशीबशी उचलली आणि लिफ्टकडे वळले.

"तिथून नाही, भाऊ," सिल्वेस्टर हळूच म्हणाला. "ठराव आहे."