बॉट पकडणारी ओळ

मी कोडमधली एक ओळ बोलतेय. चौकोनी कंस, तारे आणि तिरक्या रेघांची. मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखी दिसते. शिकलेले लोक मला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. चॅटवर येणारा प्रत्येक मेसेज मी माझ्या साच्याला लावून बघते. जुळला की स्पॅमच्या डब्यात.

माझा जन्म बेळगावातल्या शहापूरचा, सौरवच्या लॅपटॉपवरचा. वडगाव-शहापूरच्या विणकरांसाठी त्याने चॅट सर्व्हर काढला होता. सूत कुठे मिळेल, माग कोण दुरुस्त करेल, असं बोलणं तिथे चालायचं. मग बॉट, म्हणजे आपोआप मेसेज टाकणारे प्रोग्रॅम, घुसले. 'घरबसल्या कमवा' म्हणत दिवसाला दोनशे लिंका टाकू लागले. सौरवने मला त्यांच्या शब्दांवर बसवलं, तर ते शब्दांत परकी अक्षरं घुसडून माझ्या हातावर तुरी देऊ लागले. तेव्हा त्याने मला नवं कलम जोडलं: एका मेसेजात तीन लिप्या दिसल्या की तो बॉट. स्वतःवर इतका खूश झाला की समोरचा चहा गार झाला.

हे त्याने बेळगावात बसून लिहिलं. इथे माणूस मराठीत सुरू होतो, बाजाराचं कन्नडमध्ये सांगतो आणि दवाखान्याचं नाव इंग्रजीत लिहितो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी अख्खं वडगाव डब्यात भरलं. बॉट मात्र आता 'आदरणीय सदस्यहो' असं लिहू लागले होते. एकच लिपी, एकही चूक नाही. त्यांना मी वाकून आत सोडलं. भाषेवरून इथे एवढी भांडणं झाली, आणि निर्भेळ मराठी लिहिणारे निघाले ते बॉट.

त्याच दिवशी भरमा अण्णांचा मेसेज आला. ते वडगावचे जुने विणकर. त्यांची मुलगी उपासना बाळंतपणासाठी दवाखान्यात होती आणि तिला ओ निगेटिव्ह रक्त तातडीने हवं होतं. मजकुरात तिन्ही लिप्या होत्या. त्यांनी पाच वेळा पाठवला, मी पाच वेळा फेकला. मला लिपी कळते, काळजी कळत नाही.

शेवटी अण्णा मागांच्या खडखडाटात गल्लोगल्ली ओरडत फिरले. मागच्या गल्लीतल्या नागुबाईंचं रक्त जुळलं. उपासना वाचली, बाळही वाचलं. मग अण्णा स्कूटरवरून थेट सौरवच्या दारात आले.

"माझा मेसेज का काढलास रं? पोरगी तिकडं मरणाच्या दारात, आन् मी बॉट व्हय?"

"मी न्हाय अण्णा, सिस्टीमनं काढला."

"मग तुझ्या सिस्टीमला बोलीव भाईर. तिचं तोंड बघू दे मला."

अण्णा गेल्यावर सौरवने ग्रुपवर मनापासून माफी लिहिली. मराठीत चूक कबूल केली, कन्नडमध्ये क्षमा मागितली, शेवटी इंग्रजीत सॉरी. मी ती डब्यात टाकली. ती ग्रुपवर पोचली का, हे त्याने बघितलंही नाही. नंतर माझ्यापुढे हॅशचं चिन्ह लावून मला गप्प केलं; अशी ओळ कॉम्प्युटर वगळून पुढे जातो.

तेव्हापासून मी फाईलमध्ये पडून आहे. अण्णा म्हणतात, एवढ्या शिकलेल्या पोराला साधी माफी मागता येईना. सौरव म्हणतो, माफी मागूनही अण्णा बोलत नाहीत. मला खरंच वाईट वाटतं. कुणीतरी तो डबा उघडून त्यातली माफी अण्णांना दाखवा. तो दर तीस दिवसांनी आपोआप रिकामा होतो, आणि आज एकोणतिसावा दिवस आहे.