चारशे एकतीस वाक्यं

'फाइल वाचता येत नाही' अशी ओळ त्या इवल्याशा पडद्यावर आली, तेव्हा दादाचा आवाज जाऊन बारा दिवस झाले होते. दवाखान्यातून तो नुकताच घरी आला होता, अजून दारातच होता. एका हातानं चौकट धरलेली, दुसऱ्या हातात गाण्यांची डबी. समोर वहिनी, हात पुढे केलेले, चेहरा किंचित चुकीच्या दिशेला. मी मागे पिशव्या घेऊन उभी. दादानं पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तीच ओळ. मग अंगठा जोरानं दाबून पाहिला, जोर लावला की यंत्रं ऐकतात असं त्याला आयुष्यभर वाटत आलंय.

"कोण आहे? चिमटाबाई, तू का?" वहिनीनं विचारलं.

"मीच. दादा पण आहे, तुझ्या पुढ्यात."

"मग हे बोलत का नाहीत?" म्हणाली आणि स्वतःच जीभ चावली.

दादा पाट्या रंगवायचा. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, 'येथे वाहने लावू नयेत'च्या. अक्षर असं की छापलेलं वाटावं. वहिनी शिवणकाम करायची. तीन वर्षांत तिचे डोळे गेले. आता उजेड आणि अंधार कळतो, एवढंच. त्यात दादाच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल, जीव राहील. बाहेर बाकावर आम्ही तिघं बसलो होतो. दादा घोगऱ्या आवाजात म्हणाला, "झकास. हिला दिसणार नाही, मला बोलता येणार नाही. भांडायचं कसं?"

हसलं कुणीच नाही. अडचण तीच होती. त्याच्या सुंदर अक्षराचा जगात सगळ्यांना उपयोग होता, तिला सोडून. मोबाईलमधली बाई लिहिलेलं वाचून दाखवते, ते मी तिला ऐकवलं. वहिनी म्हणाली, "ह्या वयात घरात सवत नको."

मग मला ही डबीची कल्पना सुचली. स्टेशनरीच्या दुकानात एका कोपऱ्यात माझं टेबल आहे. घड्याळं, रिमोट, रेडिओ, जे बंद पडेल ते दुरुस्त करते. शिकले कुठेच नाही. अकराव्या वर्षी बाबांचा रेडिओ उघडला आणि तो परत बंद करता येईना, म्हणून शिकावं लागलं. गळ्यात चिमटा लटकलेला असतो, त्यावरून दादानं नाव पाडलं ते पाडलंच. ही डबी म्हणजे हातात मावणारं, गाणी वाजवणारं यंत्र. मोठी बटणं, आवाज टिपायची सोय, पोटात कार्ड. ऑपरेशनच्या आधी दादानं रोज लागणारी वाक्यं त्यात बोलून ठेवायची. नंतर हवं ते वाक्य काढून बटण दाबायचं. बोलेल डबी, पण आवाज त्याचाच.

"आधी तिची गाणी भर," दादा म्हणाला. "नुसता मीच असलो तर कंटाळेल." म्हणून मी वहिनीच्या जुन्या कॅसेटांतली आणि कुठून कुठून जमवलेली हजारभर गाणी त्या कार्डावर आधी भरली. मग डबी त्याच्या हातात दिली.

आता कार्डाचं सांगते, कारण सगळं तिथेच आहे. माझ्या टेबलाखाली दोन डबे असतात. निळ्या डब्यात तपासलेली कार्डं, बिस्किटांच्या डब्यात न तपासलेली. बाजारात खोटी कार्डं फार. पाटीवर चौसष्ट खोल्यांचं घर म्हणून लिहिलेलं, आत खोल्या आठ. कॉम्प्युटरही पाटीच वाचतो आणि मान डोलावतो. सामान टाकत गेलात की आठ खोल्या भरतात, आणि पुढचं सगळं सामान मागच्या दारानं थेट बाहेर. यादीत मात्र प्रत्येक वस्तूचं नाव व्यवस्थित. हे पकडायचा उपाय एकच: कार्ड गच्च भरायचं आणि जे भरलं ते पुन्हा सगळं वाचून बघायचं. अर्धा दिवस जातो. गिऱ्हाइकाला न तपासलेलं कार्ड मी आजवर दिलेलं नाही. ही माझी ऐट आहे. होती.

डबीत कार्ड घालायचं त्या दिवशी निळा डबा रिकामा होता. दादा टेबलाशी उभा. "दे गं पटकन. माझ्याकडे शब्द मोजके उरलेत." मी बिस्किटांच्या डब्यात हात घातला. क्षणभर थांबलेही. मग मनात म्हटलं, घरचंच तर आहे.

डॉक्टरांनी त्याला बोलायला दिवसाची पंधरा मिनिटं दिली होती. महिनाभर तो मागच्या खोलीत दार लावून बसायचा. आधी वहीत वाक्य लिहायचा, नंबर घालायचा, मग डबीत बोलायचा. सुरुवात स्वयंपाकघरापासून. पहिली दोन वाक्यं त्यानं परत लावून ऐकली. "हा कोण म्हातारा बोलतोय?" म्हणाला आणि पुन्हा कधी ऐकलं नाही. पडद्यावरचा आकडा वाढत होता, त्यावर त्याचं समाधान. वहीतली काही पानं मात्र मला दाखवायचा. 'दूध बघ, उतू जाईल.' 'मी रागावलेलो नाही, नुसता गप्प आहे.' 'तुझा भाऊ आला तर मी झोपलोय.' 'ही गोष्ट तू मला सांगितली आहेस.' 'हो.' 'नाही.' 'बघू.' तो म्हणाला, "बघू सगळ्यात आधी झिजणार."

वहिनीला म्हटलं, तू तरी ऐकून बघ. ती म्हणाली, "जिता आवाज घरात असताना डबीतला कशाला ऐकू? तो काय पळून चाललाय?"

शेवटचं वाक्य त्यानं दवाखान्यात जायच्या दिवशी सकाळी टिपलं. नंबर चारशे एकतीस. 'आलो गं. आता तू बोल, मी ऐकतो.' घरात पाऊल टाकताना लावायचं, असं वहीत कंसात लिहिलेलं.

त्याच दिवशी मी कार्डाची नक्कल काढली होती. माझा नियमच आहे, आधी नक्कल, मग बाकी सगळं. कॉम्प्युटर म्हणाला, चारशे एकतीस फाइली उतरल्या. उघडून एकही ऐकली नाही मी. दादानं बजावलं होतं, पहिल्यांदा तिनंच ऐकायचं.

तर दारात ती ओळ आली. मी डबी त्याच्या हातातून काढून घेतली. "असं होतं कधीकधी. उद्या आणते," म्हटलं. दादानं मान हलवली. वहिनी चाचपडत पुढे आली आणि तिचा हात त्याच्या गळ्यातल्या नळीला लागला. तिनं तो चटका बसल्यासारखा मागे घेतला.

टेबलावर मी सगळं क्रमानं केलं. हात क्रमानं चालले की डोकं गप्प राहतं. कार्ड काढलं, त्याच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरानं पुसल्या. परत घातलं. तेच. दुसऱ्या डबीत घातलं. तिथेही तेच. कॉम्प्युटरला लावलं: फाइली चारशे एकतीस, प्रत्येकीचा आकार जिथल्या तिथे. पहिली लावली. 'गॅस बंद केलाय.' दादा खणखणीत बोलला आणि माझा जीव भांड्यात पडला. दहावी बोलली. विसावी बोलली. तेविसावी मध्येच थांबली. चोविसावी उघडेना.

फाइलीच्या पोटात काय आहे ते आकड्यांत बघता येतं. चोविसावीत शून्यं होती. पडदाभर शून्यं, खाली सरकवलं तरी शून्यं. शंभरावीत तेच. चारशे एकतिसावीत तेच. माझ्याकडची नक्कल उघडली. शून्यांची नक्कल मी फार काळजीपूर्वक काढली होती.

मग ते कार्ड मी तपासायला लावलं, दीड महिना उशिरा. दुपारी निकाल आला. चौसष्ट म्हणणाऱ्या त्या कार्डात खरी जागा आठ जीबीची. ती गाण्यांनी जवळजवळ भरलेली. उरल्यासुरल्या फटीत दादा मावला होता, तेवीस वाक्यं.

संध्याकाळी गेले. दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती. दादानं श्वास घेतला की नळीतून बारीक शिट्टी वाजते. वहिनी त्या शिट्टीकडे कान लावून बसलेली.

"झालं दुरुस्त?" तिनं विचारलं.

"वहिनी, कार्ड खराब निघालं."

हे वाक्य मी वाटेत जुळवून ठेवलं होतं. खोटं नव्हतं त्यात काही. कार्ड खराब निघतं, जशी वीज जाते. कुणाचा हात लागत नाही.

"म्हणजे?"

"तेवीस वाक्यं आहेत. बाकीची नाहीत."

"परत आण की. त्या शेजारणीचे पुसलेले फोटो नव्हते आणून दिलेस?"

"ते पुसलेले होते. पुसलेलं सापडतं. हे लिहिलंच गेलं नव्हतं."

"महिनाभर हे तिथे आत बसून बोलत होते," वहिनी सावकाश म्हणाली. "घसा फाटेपर्यंत. मी दाराला कान लावून ऐकायची. ते सगळं कुठे गेलं मग?"

दादा डबीच्या पडद्याकडे बघत होता. मग त्यानं वही ओढली. त्याचं पेन फार आवाज करतं, बोरू धरायची सवय.

"काय लिहितायत? वाच," वहिनी म्हणाली.

त्यानं वही माझ्याकडे फिरवली. तसंच ते देखणं अक्षर, ओळ सरळ, काना-मात्रा जागच्या जागी. 'तू गिऱ्हाइकांची कार्डं तपासून देतेस ना?'

त्या टेबलाशी डोळे आणि आवाज दोन्ही असलेली मी एकटीच होते. काहीही वाचता आलं असतं. 'जाऊ दे, होतं असं' म्हणून वाचलं असतं तर वहिनीला ते खरंच वाटलं असतं. दादानं ऐकलं असतं, हो. पण तो करणार काय होता? ओरडणार होता? तो माझ्याकडे बघत होता, आणि त्यालाही हे कळलेलं मला दिसत होतं.

"'तू गिऱ्हाइकांची कार्डं तपासून देतेस ना?' असं लिहिलंय," मी वाचलं.

"देतेस?" वहिनीनं विचारलं.

"देते."

पेन पुन्हा वाजलं. दोनच शब्द.

"'मग हे?'" मी वाचलं. माझ्याच आवाजात मला विचारलं. "हे नाही तपासलं. घाई होती. म्हटलं, घरचंच आहे."

शिट्टी वाजत राहिली. वहिनी उठली, भिंतीला हात लावत मोरीपर्यंत गेली आणि धुतलेला कप पुन्हा धुऊ लागली. बराच वेळ धुतला. पाणी बंद करून, पाठ तशीच ठेवून म्हणाली, "उद्यापासून रोज यायचं. दुपारी. हे लिहितील, तू वाचायचं. जसंच्या तसं. माझ्यासाठी गोड करायचं नाही."

"येईन."

"विचारत नाहीये मी."

तेव्हापासून रोज जाते. एक वाजता टेबलावर कापड टाकते आणि निघते. दादानं दिवसभराचं लिहून ठेवलेलं असतं. 'डाव्या खिडकीची कडी सैल आहे, टेकू नको.' 'मीठ जास्त.' 'भाऊ आला तर खरंच झोपेन.' वहिनी उत्तरं देते, माझ्याकडे तोंड करून. भांडतातही. परवा दोन्हीकडची बोलणी मीच खाल्ली. स्वयंपाकघराचं काम डबीवर भागतं. 'गॅस बंद केलाय' हे तो इतक्यांदा लावतो, की वहिनी म्हणते, "ह्यांनी आजवर मला एवढा धीर कधी दिला नव्हता."

पण त्याची वाक्यं आखूड होत चाललीत. मी त्याची जुनी वही एकदा घरी नेली, वाटलं, राहिलेली चारशे आठ आपणच वाचून टिपावीत. तीनशे नव्वदच्या पुढे गेले आणि वही मिटली. ती बहिणीनं वाचायची नव्हती. आता तसलं तो काही लिहीतच नाही, कारण वाचणार मी असते. ते सगळं त्याच्यात असेलच कुठेतरी. बाहेर यायला मात्र माझ्या तोंडातूनच यावं लागेल, म्हणून येत नाही.

मी निघायच्या आधी वहिनी तेविसावं लावायला सांगते. रोज. 'उठलीस का? हळू. उजव्या हाताला भिंत आहे, डाव्या हाताला' आणि तिथे कार्ड संपतं.

पहिल्या दिवशी तिनं विचारलं होतं, "डाव्या हाताला काय?"

मी त्याची जुनी वही उघडली. पुढे एकच शब्द होता. जसंच्या तसं वाचायचं ठरलं होतं.

"मी," मी वाचलं.

वहिनीचा चेहरा आवाजाच्या दिशेनं वळला, माझ्याकडे. दादा तिच्या डाव्या हाताला बसला होता.