दोन पानी जबाब

"मावशी, पेन्सिल आहे ती, सुरी नव्हे," बाई म्हणाल्या. "जरा हळू."

मावशीने पान उलटून पाहिलं. अक्षरं मागच्या बाजूला उमटली होती, बोटाला लागतील इतकी. वर्गातले बाकीचे पाच जण हसले, तीही हसली. तीस वर्षं ओल्या चादरी ताणलेला हात तो. हळू म्हणजे काय, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईघरात ती कामाला होती. तिथे सगळे तिला मावशी म्हणत, तिच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. सकाळची पाळी दोनला सुटली की हातपाय धुऊन ती मागच्या गल्लीतल्या शाळेत जायची. दुपारी शाळा रिकामी असे आणि एका खोलीत मोठ्या माणसांचा वर्ग भरे. बाकं मात्र लहान मुलांचीच. गुडघे मावत नसत म्हणून मावशी तिरकी बसायची.

लहानपणी ती तिसरीपर्यंत शिकली होती. मग भाऊ झाला, आईला काम लागलं आणि त्याला सांभाळायला घरात कोणीतरी हवं झालं. कोणीतरी म्हणजे कोण, हे वेगळं सांगायची गरज कोणाला वाटली नाही. त्या शाळेतलं तिला आठवे ते एवढंच, की फळ्यावर असेल ते पाटीवर जसंच्या तसं उतरवायचं. तिची पाटी नेहमी बरोबर असे. आपण काय लिहिलंय ते आपल्याला कळत नाही, हे मात्र तिने कोणाला कळू दिलं नव्हतं.

या बाईंची तऱ्हाच वेगळी. वयाने तिच्या लेकीएवढ्या. पहिल्या महिन्यात त्यांनी अक्षरं गिरवून घेतली, दुसऱ्यात जोडाक्षरं. 'इस्त्री' लिहिताना मावशी अडली तेव्हा म्हणाल्या, "आधी इ काढा, मग पुढे अख्खी स्त्री."

"तरीच ती आमच्या नशिबी," मावशी म्हणाली, आणि बाईंना हसू आवरेना.

तिसऱ्या महिन्यात बाईंनी फळा कोरा ठेवला.

"आज तुमचं तुम्ही लिहा. काल कामावर काय झालं ते."

"आमच्याकडे काय होणार? चादरी येतात, चादरी जातात."

"मग तेच लिहा."

मावशीने एका ओळीत ते लिहून टाकलं. बाईंनी वाचलं. "कुठून येतात? किती? कशाने मळलेल्या असतात?"

"ते कशाला लिहायचं? वाचायला बरं नाही वाटत."

"तुम्ही बघता ना रोज? मग मलाही दिसू दे. जे पाहिलं ते, एकामागून एक जसं घडलं तसं लिहायचं. मधलं गाळायचं नाही. गाळलं की वाचणारा तिथे अडखळतो."

घरी जाताना मावशी विचार करत राहिली. तू काय पाहिलंस, असं शाळेत तिला कधी कोणी विचारलं नव्हतं. शाळेबाहेरही नाही.

पुढच्याच मंगळवारी धाकटीचा हात भाजला. धाकटी म्हणजे धुलाईघरातली सगळ्यात नवी मुलगी, बावीस-तेवीसची. चादरी वाळवून सरळ करणाऱ्या गरम रोलरपाशी ती उभी होती. हात आत जाऊ नये म्हणून रोलरपुढे जाळी असते. ती तुटली म्हणून मेकॅनिकने काढून नेली, त्याला तीन आठवडे झाले होते. रोलरच्या पलीकडे चादरी घेणाऱ्या मावशीने धाकटीला हाक मारली. धाकटीने मान वळवली, आणि चादरीबरोबर तिचा उजवा हात मनगटापर्यंत आत गेला. मावशीनेच धावत जाऊन बटण दाबलं. यंत्रांच्या आवाजात ती हाक दुसऱ्या कोणाला ऐकू गेली नव्हती, आणि मावशीने ती कोणाला सांगितली नव्हती.

गुरुवारी पाळी सुटताना सुपरवायझरने तिला बोलावलं. सगळ्यांचे जबाब त्याने नेहमीप्रमाणे आपल्या हाताने लिहून ठेवले होते.

"सही करा आणि सुटा, मावशी. उद्या चौकशीचे साहेब येतायत."

आजवर ती चित्र काढावं तशी सही काढून मोकळी व्हायची. आज तिने कागद उचलला आणि अक्षरांखालून बोट फिरवू लागली. एका लांबलचक शब्दापाशी बोट थांबलं. नि. ष्का. ळ. जी. तिने तो परत परत जुळवला. 'निष्काळजीपणामुळे.'

"धाकटीने काळजी घेतली नाही, असं लिहिलंय हे?"

"तसंच लिहावं लागतं. जाळीचं काढलं तर मेकॅनिक अडकेल, मागोमाग मी. तिचं काय, नवी आहे. लागेल दुसरीकडे."

"तसल्या हाताने?"

सुपरवायझर वाईट माणूस नव्हता. मावशीच्या नवऱ्याच्या आजारपणात त्यानेच तिला हव्या तशा पाळ्या बदलून दिल्या होत्या. तो पेनाचं टोपण लावत-काढत राहिला.

"माझं मी लिहिते," मावशी म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग खणातून दोन कोरे कागद काढून दिले. "खाडाखोड नको. चारपर्यंत आणा."

त्या दिवशी वर्ग बुडला. घड्या घालायच्या टेबलावर बसून मावशीने आधी वहीत लिहायला घेतलं. जाळी तीन आठवडे नव्हती. मी दोनदा सांगितले. धाकटी रोलरमध्ये चादर सोडत होती. तिने मान वळवली.

तिथे ती थांबली. मान का वळवली, हे बाईंनी लगेच विचारलं असतं. कोणीही विचारलं असतं. तिने लिहिलं, 'कसला तरी आवाज झाला.' यात खोटं काही नव्हतं. हाक म्हणजे आवाजच की. ती त्या वाक्याकडे बघत बसली. तिच्या तिसरीतल्या पाटीसारखं ते वाक्य अगदी बरोबर होतं.

तिने ते खोडलं आणि लिहिलं, 'मी तिला हाक मारली. मशीन चालू असताना हाक मारू नये हे मला माहीत होते. तिचा डबा उघडा होता व त्यात साबणाचे पाणी उडत होते म्हणून मारली.'

मग दात-ओठ खात ते सगळं तिने कोऱ्या कागदांवर उतरवलं. चारला पाच मिनिटं कमी होती.

दुसऱ्या दिवशी चौकशीच्या साहेबांनी ते कागद हातात धरून विचारलं, "हे कोणी लिहून दिलं?"

"मीच."

"दोन पानं?"

"अक्षर मोठं आहे, साहेब."

त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. "या हाकेबद्दल तुम्हाला कोणी विचारलं नव्हतं. ठपका येईल तुमच्यावर."

"येऊ दे. जाळीचं वाचलंत ना?"

"वाचलं."

त्या संध्याकाळी ती वॉर्डात धाकटीकडे गेली. वहीतलं सगळं तिला वाचून दाखवलं, सावकाश, बोट ठेवून. हाकेपाशी आवाज बारीक झाला, पण वाचणं थांबलं नाही.

धाकटी छताकडे बघत होती. "ऐकू आली होती मला हाक," ती म्हणाली. "तुझाच आवाज होता."

"मग बोलली नाहीस कुणाला?"

"बोलून हात बरा होणार होता का?" मग तिने विचारलं, "डब्याचं काय झालं?"

"ओतून दिला. साबणच झाला होता सगळा."

धाकटी किंचित हसली आणि तिने तोंड भिंतीकडे केलं. मावशी उठली नाही. भेटीची वेळ संपेपर्यंत ती स्टुलावर बसून राहिली.

आठवड्याभरात नवी जाळी बसली. मेकॅनिकला आणि सुपरवायझरला खुलासा द्यावा लागला. मावशीला लेखी ताकीद मिळाली, आणि रोलरवरून काढून तिला वॉर्डातून येणाऱ्या चादरी निवडायला बसवलं. कामाला लागली तेव्हा पहिल्या वर्षी तिने तेच काम केलं होतं. सुपरवायझर आता तिच्याशी कामापुरतं बोलायचा. धाकटीला मात्र कामावरून कमी केलं नाही.

बाईंना तिने वहीतला जबाब दाखवला. त्यांनी दोनदा वाचला आणि वही मिटायला घेतली.

"चुका काढा की," मावशी म्हणाली.

अकरा निघाल्या, त्यातल्या नऊ ऱ्हस्व-दीर्घाच्या. मावशीने सगळ्या पुन्हा पाच-पाच वेळा लिहिल्या.

दोन महिन्यांनी धाकटी कामावर परतली. उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती. पहिल्या सकाळी हजेरीच्या वहीपाशी रांग होती. तिचा नंबर आला तेव्हा तिने पेन डाव्या हातात घेतलं.

"राहू दे, मी मांडतो," सुपरवायझर म्हणाला.

धाकटीने नकारार्थी मान हलवली. पहिलं अक्षर ओळीच्या वर गेलं, दुसरं खाली घसरलं. वही सरकू लागली. मागे उभ्या असलेल्या मावशीने हात पुढे करून वहीचा कोपरा दाबून धरला. रांग दारापर्यंत गेली होती. कोणी घाई केली नाही. अक्षरं झाली, तसं धाकटीने पेन उचललं, दम घेतला आणि नावावरची रेघ ओढायला घेतली. रेघ वर-खाली होत शेवटच्या अक्षरापर्यंत गेली.