बनाबाईच्या नावावर

शिक्षक कॉलनीत भुलाबाई म्हटलं की सुलभाबाईंचंच घर, हे बावीस वर्षांत कोणाला सांगावं लागलं नव्हतं. भादव्याच्या पुनवेला त्यांच्या ओसरीत मातीची भुलाबाई बसायची, शेजारी भुलोजी, आणि दोघांवर ज्वारीच्या पाच धांड्यांचा मांडव. तिथून कोजागिरीपर्यंत महिनाभर रोज संध्याकाळी कॉलनीतल्या पोरी टिपऱ्या घेऊन गाणी म्हणायला यायच्या. यायच्या म्हणजे सुलभाबाई त्यांना आणायच्या. कोणाला ट्यूशन, कोणाला मोबाईल, कोणाला गाण्यांचीच लाज. सुलभाबाई घरोघर जाऊन दटावून, गोंजारून, प्रसंगी आयांनाही चार शब्द सुनावून पोरी गोळा करत. पंचायत समितीत नोकरीला होत्या तेव्हासुद्धा या एका महिन्यात त्यांनी साडेपाचनंतर कधी खुर्ची उबवली नाही.

आणि खाऊ! गाणी संपली की झाकलेला डबा वाजवायचा आणि आत काय आहे ते पोरींनी ओळखायचं, ही भुलाबाईची जुनी रीत. ओळखलं तर पोरी जिंकल्या, नाही तर घरची बाई. पुनवेच्या पहिल्या खाऊला सुलभाबाई बावीस वर्षांत एकदाही हरल्या नव्हत्या. याचा त्यांना किती गर्व होता ते त्यांच्या नवऱ्याला, लक्ष्मीकांतरावांना, विचारावं. तो डबा भरताना ते स्वयंपाकघरात डोकावले तरी त्यांना हाकलून लावलं जाई.

यंदा समोरच्या घरात माडीवर एक भाडेकरीण आली. आरोही तिचं नाव, वय अठ्ठावीसच्या आसपास, हिवरा आश्रम गावाकडची, जवळच्या देऊळघाट गावी शाळेत शिक्षिका. पुनवेला, पहिल्याच संध्याकाळी ती आली, मागे भिंतीला टेकून बसली आणि मोबाईलवर गाणी टिपून घेऊ लागली. सुलभाबाईंना बरंच वाटलं. शेवटी त्यांनी डबा हलवला. डबा वाजेना. पोरींचं पेढे, बर्फी, लाडू सगळं सांगून झालं.

"आंबट का गोड, काकू?" आरोहीनं मागून विचारलं.

"दोन्ही."

"मग आंबाडीच्या फुलाच्या वड्या. माही आजी करायची."

पोरींनी असा कल्ला केला की शेजारचे लोक बाहेर आले. सुलभाबाईही हसल्या, तिच्या हातावर पहिली वडी त्यांनीच ठेवली. पण अंगाचा तिळपापड झाला होता. बावीस वर्षं! आणि ही कोण कुठली, आली काय, भिंतीला टेकली काय आणि ओळखून मोकळी झाली काय!

पुढच्या आठ दिवसांत आरोहीनं कॉलनीला वेडच लावलं. पोरी न बोलावता यायला लागल्या. ती त्यांचं गाणं मोबाईलवर चढवायची आणि मग पुण्या-मुंबईच्या मावश्या फोन करून कौतुक करायच्या. ज्या पोरींना सुलभाबाईंनी बखोट धरून आणलं होतं त्या आता "आरोही मॅडम कधी येतात?" म्हणून दाराशी उभ्या. नवव्या दिवशी पेपरात फोटो छापून आला. 'भुलाबाई जपणारी शिक्षिका.' फोटोत मधोमध आरोही, भोवती पोरी आणि डाव्या कडेला ताट धरलेला एक हात. हात सुलभाबाईंचा होता. बाकीच्या सुलभाबाई फोटोत मावल्या नव्हत्या.

"बांगडीवरून वळखू येतं की," लक्ष्मीकांतराव चहा पिता पिता म्हणाले.

"तुम्ही चूप बसा."

"तुह्या पोटात दुखून राह्यलं."

दुखतच होतं. खोटं काय सांगायचं? त्या पोरीचं बोलणं गोड, वागणं सरळ, ती भेटली की वाकून नमस्कार करी, आणि यातला एकेक गुण सुलभाबाईंना अधिकच झोंबे. एखादी आगाऊ असती तर भांडून मोकळं होता आलं असतं.

त्याच दुपारी आरोही आली. देऊळघाटच्या बायांना घेऊन ती भुलाबाईच्या गाण्यांची पुस्तिका काढणार होती आणि कोजागिरीच्या आधीच्या रविवारी शाळेत मोठा कार्यक्रम. चाळीस गाणी जमली होती.

"काकू, एक तरी असं द्या ना वो, जे कोणापाशीच नाही. एकदम जुनं."

सुलभाबाई चहा ठेवायला आत गेल्या. चहा उकळेपर्यंत त्यांच्या डोक्यात जे शिजलं ते त्यांनी जन्मात कधी केलं नव्हतं. गाणं द्यायचं, पण खोटं. आताच्या आता रचायचं, शंभर वर्षांपूर्वीचं म्हणून सांगायचं आणि त्यात एक असा शब्द पेरून ठेवायचा की भर सभेत बोट दाखवलं की हिची सगळी विद्वत्ता उघडी पडावी. सोयाबीन! सुलभाबाईंच्या लहानपणी या मुलखात सोयाबीन कोणी पाहिलंही नव्हतं. सगळीकडे ज्वारी आणि कापूस. पण या पोरीनं जन्मापासून शिवारात दुसरं पाहिलंच काय? तिच्या लक्षात यायचं नाही.

बाहेर येऊन त्यांनी कप ठेवला आणि गळा साफ केला.

"सोयाबीनच्या शेंगा वाळल्या, वाजल्या गं वाजल्या,
भुलाबाईले बाई आईच्या बांगड्या वाटल्या.
सासू म्हणे वारा गं, सून म्हणे आई,
उघडा वो दार माह्यं, कोणी उघडत नाही."

शेवटच्या ओळीला त्यांचा आवाज का कापला ते त्यांनाही कळलं नाही. आरोहीचे डोळे भरून आले होते. मोबाईल चालूच होता.

"काकू, हे कोणाचं?"

आपलं नाव सांगावं तर पुढे खोटं ठरवायचं कसं? त्यांना देऊळघाटची बनाबाई आठवली. डोक्यावर पाटी घेऊन कॉलनीत भाजी विकायला यायची, ओट्यावर टेकली की एखादं गाणं म्हणायची. चार वर्षांपूर्वी वारली होती. तिला विचारायला कोण जाणार?

"हे माहं नाही बाप्पा," सुलभाबाई ठासून म्हणाल्या. "देऊळघाटच्या बनाबाईचं आहे. तिच्या आजीपासून चालत आलेलं. नाव तिचंच टाक."

आरोही गेली तेव्हा त्या कितीतरी दिवसांनी पोटभर जेवल्या. मग रोज आंघोळ झाली की आरशापुढे उभ्या राहून त्या एकच वाक्य घोकू लागल्या. आवाज चढवायचा नाही, चेहरा भोळा ठेवायचा, आणि हळूच विचारायचं, "अवं, बनाबाईच्या आजीच्या काळात सोयाबीन होतं तरी कुठं?" कधी 'तरी'वर जोर देऊन पाहत, कधी 'कुठं'वर. लक्ष्मीकांतरावांनी एकदा ऐकलं आणि सोयाबीनचा भाव पडला की काय म्हणून विचारलं.

रविवारी दुपारी देऊळघाटच्या शाळेचं पटांगण बायांनी फुलून गेलं. मांडवाखाली मोठी भुलाबाई, समोर सतरंज्यांवर कॉलनीच्या पोरी आणि गावच्या लेकीसुना मिसळून बसलेल्या. सुलभाबाई नवी इरकल नेसून आल्या होत्या. आरोहीनं त्यांना हात धरून पहिल्या रांगेत बसवलं. पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर 'मार्गदर्शन' म्हणून त्यांचं नावही होतं, पण त्यांनी ते धड वाचलं नाही. अनुक्रमणिकेत एक्केचाळिसावं गाणं बनाबाईच्या नावावर आहे ना, तेवढं पाहून पुस्तिका मिटली.

"आता आपल्या गावचं गाणं," आरोही माईकवर म्हणाली. "आपल्यापाशी होतं, आपणच विसरलो होतो. हे गाणं जिचं, त्या बनाबाईच्या नातीचा, पायलचा, आपण सत्कार करू."

पंचविशीची एक सडपातळ बाई उठली. खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला आणि तिला रडू आवरेना.

"आजी हे म्हणायची," ती डोळे पुसत म्हणाली. "मी लहान होती, पण मले आठवते. तिचा आवाजच आठवते."

सुलभाबाईंनी मान वर केली. आठवते? काय आठवते? हे गाणं पंधरा-वीस दिवसांपूर्वी त्यांच्या गॅसवर चहा उकळताना जन्मलं होतं! पोरगी खोटं बोलत असती तर बरं झालं असतं. तिचा चेहरा पाहून कोणीही सांगितलं असतं की ती अगदी खरं बोलते आहे.

दीडशे बायांनी टिपऱ्या उचलल्या. चाल धरली. आणि सुलभाबाईंना उमगलं की गाणं चांगलं झालं आहे. बावीस वर्षांत त्यांनी इतरांची गाणी जपली, स्वतःचं असं एकच रचलं, तेही वाकड्या मनानं, आणि ते एवढं चांगलं झालं आहे की म्हाताऱ्या बाया पदर डोळ्यांना लावताहेत. शाल मात्र दुसरीच्या खांद्यावर. आरोहीबद्दलची जळजळ कुठल्या कुठे गेली. आता त्यांना हेवा वाटत होता तो चार वर्षांपूर्वी गेलेल्या एका भाजीवालीचा.

तेवढ्यात पहिली ओळ पुन्हा कानावर पडली. या वेळी नीट पडली.

"जवारीची पानं वाळली, वाजली गं वाजली..."

"थांबा!" सुलभाबाई उभ्या राहिल्या. टिपऱ्या थांबल्या. "जवारी नाही. सोयाबीनच्या शेंगा!"

आरोही माईक घेऊन जवळ आली, हसून, अगदी प्रेमानं. "हाव काकू, तुम्ही तसंच सांगितलं होतं. पण सरावाच्या वेळी गावच्या सुभद्राबाईनं चूक काढली. मले तर समजलंच नव्हतं. तुम्हीच सांगा, बनाबाईच्या आजीच्या काळात सोयाबीन होतं तरी कुठं?"

तेच वाक्य. 'तरी'वर जोर देऊन. बाया हसल्या. मागे बसलेल्या सुभद्राबाईनं मान डोलावली.

"पण जवारीचं पान वाजते का बांगडीसारखं?" सुलभाबाईंचा आवाज चिरकला. "ते सळसळते! वाजते ती शेंग. वाळली की आतला दाणा वाजते. किणकिण वाजते. मी ऐकलं हाय!"

आणि बोलता बोलता त्यांना ते ऐकूच आलं. लग्नानंतरचं तिसरं वर्ष, चिखली रोडची भाड्याची खोली, खिडकीबाहेर लागूनच कोणाचं तरी शेत. त्या साली तिथं पहिल्यांदा सोयाबीन पेरलं होतं. भुलाबाईच्या महिन्यात आई दरवर्षी उंद्रीहून त्यांना माहेरी न्यायला यायची, आणि दारात यायच्या आधी तिच्या बांगड्या यायच्या. त्या साली आई पोळ्यालाच वारली होती. वारा सुटला की शेंगा वाजायच्या आणि सुलभाबाई दारापर्यंत जाऊन यायच्या. सासू म्हणायची, वारा आहे. खोटं म्हणून रचलेल्या चार ओळींत तो शब्दच सगळ्यांत खरा होता आणि नेमका तोच यांनी काढून टाकला होता.

"हे गाणं माहं हाय," त्या म्हणाल्या. "मी रचलं. बनाबाईचा काही संबंध नाही."

पटांगणात कुजबुज सुरू झाली. पायल शाल आवळून त्यांच्याकडे पाहत राहिली. पुढच्या रांगेतली एक बाई दुसरीला म्हणाली, "सत्कार नाही झाला म्हणून बोलून राह्यली बिचारी." ते हळू म्हटलेलं होतं, तरी सुलभाबाईंना ऐकू आलं.

"काकू," आरोहीचा चेहरा उतरला होता. त्यांचा अपमान होऊ नये म्हणून तिनं माईक खाली धरला होता. "तुम्हीच तर नाव सांगितलं. ऐका ना, माह्यापाशी आहे." तिनं मोबाईल काढून त्यांच्या कानाशी नेला, पण पहिल्या दोन रांगांना ऐकू जाईल एवढा आवाज होताच. आधी कपबशी वाजली. मग सुलभाबाईंचा स्वतःचा आवाज आला, खणखणीत आणि ठाम.

"हे माहं नाही बाप्पा. देऊळघाटच्या बनाबाईचं आहे. तिच्या आजीपासून चालत आलेलं. नाव तिचंच टाक."

जे बोलायचं ते त्या आधीच बोलून बसल्या होत्या. इरकलीचा पदर सारखा करून त्या खाली बसल्या. आरोहीनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. लहान मुलीची समजूत काढावी तसा तो हात होता आणि त्यांना तो झटकताही येईना.

गाणं पुन्हा सुरू झालं. पायल शाल सावरत आली, त्यांच्या शेजारी मांडी घालून बसली आणि आपल्या टिपऱ्या त्यांच्या हातात दिल्या. तिला त्यांचा राग आला नव्हता. आजीचं गाणं जपून ठेवणारी एवढी एकच बाई तिथं होती. सुलभाबाईंनी टिपऱ्या धरल्या. दीडशे आवाजांत आपला एक आवाज मिसळताना त्यांनी हट्टानं, मोठ्यानं, आपला शब्द म्हटला.

पायलनं त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"जवारी म्हणा, काकू," ती हळूच म्हणाली. "माह्या आजीचं गाणं आहे ते. चुकू नका."

सुलभाबाई जवारी म्हणाल्या.