चाळीस हजार खुर्च्या

मेंढरांनी फक्कीची रेघ तुडवली आणि तिथनंच भांडणाला तोंड फुटलं.

म्हसवडाकडून येणारी सडक खडकवस्तीला टेकायच्या आधी गायरानाच्या माळाला वळसा घालते. दीडशे एकराचा उघडाबोडका माळ. मधोमध पाझर तलाव, कडेला चार-दोन बाभळी, बाकी नुसतं गवत आणि वारा. त्या दिवशी सकाळी हरणाबाई रोजच्यासारखी मेंढरं घेऊन वर आली, तर माळावर दोन जीपगाड्या उभ्या. तिपाईवर कसलं तरी यंत्र बसवलेलं, आणि जमिनीवर पांढऱ्या फक्कीनं ओढलेली लांबच लांब वाकडी रेघ. मेंढरांना रेघेचं काय? ऐंशी मेंढरं ती रेघ पायाखाली घालत तळ्याकडं निघाली.

"ओ मावशी! हाकला ती जनावरं!" यंत्राशी उभा असलेला माणूस ओरडला. "सकाळधरनं आखतोय आमी. समदं पुसलं की!"

"मग आमच्या वाटंवर कशापायी आखताय?" हरणाबाईनं काठी आडवी धरली. "आन् हाकला म्हंजे कुठं हाकलू? पान्याला निघाल्यात ती. तुमीच सांगा त्यास्नी, रेघ चुकवून चला म्हनून!"

आवाज वाढला तशी जीपमधून एक तरुण पोरगी उतरली. डोक्याला टोपी, हातात नकाशाची गुंडाळी. यंत्रवाल्याला तिनं गप्प केलं.

"आजी, रागावू नका. मी पूजा. या जागेचा आराखडा आमच्याकडं आहे. या, तुम्हाला दाखवते."

तिनं नकाशा जीपच्या बॉनेटवर पसरला, वाऱ्यानं उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. मधोमध एक भलाथोरला गोल होता.

"हे स्टेडियम. चाळीस हजार खुर्च्या."

हरणाबाईला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. "चाळीस हजार? आवं बाई, आमच्या वस्तीत लहानथोर धरून बाराशे डोकी न्हाईत. बसनार कोन?"

"बाहेरून येतील. आधी स्टेडियम होतं, मग त्याच्या आजूबाजूला बाकीचं येतं. रस्ता चारपदरी होईल. हॉटेलं, हॉस्टेल, दवाखाना, कॉलेज. दहा-पंधरा वर्षांत इथं शहर उभं राहील."

"आन् तळं?"

पूजा घुटमळली. नकाशात तळ्याच्या जागी गाड्या लावायची सोय होती. "तळं बुजवावं लागेल," ती खालच्या आवाजात म्हणाली. "पण गावाला नळाचं पाणी येईल, आजी."

"मानसास्नी यील. व्हय."

हरणाबाईनं मेंढरं तळ्याकडं वळवली. पोरगी खोटं बोलली नव्हती, एवढं तिला कळलं. खोटं बोलली असती तर भांडायला बरं पडलं असतं.

दुपारी ती भाकरीला घरी आली तर तिचा लेक रविराज आधीच येऊन बसला होता. तो दुसऱ्याच्या पिकअपवर ड्रायव्हर होता, डाळिंबाचे क्रेट सांगलीला पोच करायचा. आज गाडी सोडून आला होता आणि चेहऱ्यावर असं तेज, की लगीन ठरलं तवासुद्धा हरणाबाईनं ते बघितलं नव्हतं.

"आयं, कळलं का? आपल्या माळाला स्टेडियम हुतंय!"

"बघून आले. तळं बुजवनार हायती."

"बुजवू दे की. मी काय म्हंतो, सडंकंला लागून आपला तुकडा हाय न्हवं? तितं हॉटेल टाकायचं. पयल्यांदा च्या-नाष्टा. मग वाढवायचं."

"आन् मेंढरं?"

"इकायची."

सून राणी तव्यावर भाकरी टाकत होती, तिचा हात थबकला. हरणाबाईनं लेकाकडं पाहिलं. "तुज्या आज्यापास्नंची मेंढरं हायती ती, रं."

"आज्यापास्नं पाय झिजवतोय आपन!" रविराज एकदम उसळला, मग त्याचा आवाज खाली आला. "आयं, म्या चौथी तीनदा केली. ठावं हाय न्हवं तुला? नापास झालो म्हनून न्हाई. परीक्षा आली की म्या तुमच्यासंगं चिपळूनच्या रानात असायचो. मास्तर माजं नाव पुकारायचं, पोरं म्हनायची, गेलाय मेंढरामागं. पोरगी माया पाच वर्सांची झाली. तिला म्या मेंढरामागं धाडनार न्हाई."

दरसाली दिवाळी झाली की वाडा, म्हणजे मेंढरं-माणसांचा सगळा तांडा, घाट उतरून कोकणात जायचा आणि मिरगाला माघारी यायचा. रविराजचा बाप अशाच एका सालात, परक्या गावच्या शिवारात तापानं फणफणून गेला होता. दवाखाना चार कोसांवर, आणि न्यायला कुणाची गाडी नव्हती. तवापासून हे पोर हसताना कमीच दिसायचं.

"आत्ती," राणी हळूच म्हणाली, "आवं, ह्यांचं अगदीच चुकतंय असं न्हाई."

"चुकतंय म्हनलंय कोन?" हरणाबाई म्हणाली आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

पंधरा ऑगस्टला शाळेच्या पटांगणात ग्रामसभा भरली. सरपंच भाऊसोनं ठराव वाचला, गायरानाची जमीन स्टेडियमला द्यायला गावाची हरकत नाही म्हणून. पुढं बसलेल्या बागायतदारांचे हात भराभर वर गेले. सडक झाली की त्यांच्याच जमिनी सोन्याच्या होणार होत्या. मागं, कडुनिंबाखाली, मेंढरं राखणारी अकरा घरं बसली होती. त्यातला एकही हात वर गेला नाही. सगळे हरणाबाईकडं बघत होते. वयानं ती मोठी, कळपही तिचाच मोठा. ती नको म्हणाली असती तर त्या अकरा घरांनी सभा उधळून लावली असती.

"हरनाकाकी, तुमचं काय?" भाऊसोनं विचारलं.

हरणाबाई गुडघ्यावर हात रेटत उठली. "म्या येकच मागते. तळं बुजवू नगा. आन् तळ्याला जायाला वाट ठेवा. जनावर मुकं हाय, त्येला पानी लागतं. बाकी बांधा तुमास्नी काय बांधायचं त्ये."

"घालतो की ठरावात! लिवून घ्या हो, ग्रामसेवक. तळं राखायचं आन् तीस फुटी वाट सोडायची."

तरी तिचा हात उठेना. तिनं मान वळवली. पटांगणाच्या कोपऱ्यात रविराज उभा होता. धुतलेला शर्ट घालून आला होता आणि खालचा ओठ दातात धरून आईकडं बघत होता. पलीकडं चौथीच्या वर्गाचं दार होतं.

हरणाबाईनं हात वर केला. आपलाच हात, पण दगड बांधल्यासारखा जड लागला. मग तिच्यामागं एकेक करत अकराही घरांचे हात वर गेले. रविराजनं डोळे पुसले ते तिनं पाहिलं आणि दुसरीकडं बघितलं.

त्यापुढं सगळं भराभर झालं. दिवाळीनंतर मांडव पडला, पुढारी आले, फटाके वाजले, पायाचा दगड बसला. महिन्याभरात माळाला चारी बाजूंनी काटेरी तारेचं कुंपण आलं आणि सडकेच्या अंगाला लोखंडी गेट. साठ मेंढरं म्हसवडच्या बाजारात गेली. गाडीत चढताना त्यातली एक पाटी, अजून न व्यालेली कोवळी मेंढी, सारखी मागं वळून ओरडत होती. हरणाबाईनं डोक्यावरचा पदर कानांवर ओढून घेतला.

कुंपणाला तीस फुटाची वाट काही नव्हती. ती भाऊसोकडं गेली.

"ठरावात हाय की, काकी," भाऊसो कसनुसा होत म्हणाला. "कागद हाय माज्याकडं. पन ठराव गेला तालुक्याला आन् तारंचं टेंडर आलं ममईवरनं. दोघांची गाटच पडली न्हाई."

रविराजला मात्र काम लागलं. जागेवर राखणदार. निळा शर्ट, छातीवर शिट्टी, गेटाजवळ पत्र्याची खोली. "स्टेडियम हुईस्तवर," तो राणीला म्हणायचा. "मग आपलं हॉटेल." पहिलं वर्ष त्यानं रोज सडकेकडं बघत काढलं, आज मशीन येईल, उद्या मशीन येईल. दुसऱ्या वर्षी बघायचं थांबला.

आणि एक दिवस मोबाइलवर बातमी आली. स्टेडियम इथं होणार नाही. दुसऱ्या जिल्ह्यात, मोठ्या हमरस्त्याला लागून होणार. तिथं म्हणे माणसं जास्त. माळ मात्र क्रीडा खात्याच्या नावानं आरक्षित राहणार, पुढं कधीतरी लागला तर लागला.

रविराज घरी आला आणि उंबऱ्यावर बसून राहिला. बूटसुद्धा काढले नाहीत. राणीनं खुणेनंच सासूला सांगितलं, काही बोलू नका. हरणाबाई आत गेली, ताकाचा पेला घेऊन आली आणि त्याच्या शेजारी टेकली.

"पी."

"आयं, मी तुजी मेंढरं…"

"पी म्हंते न्हवं."

त्या साली पाऊस पडला तो नावाला. सुगी उरकली आणि बाकीच्या घरांचे वाडे घाट उतरून गेले. हरणाबाईजवळ आता नवी दोन कोकरं धरून बावीसच मेंढरं होती. एवढ्याशा कळपाला वाड्यात कोण घेतो, आणि तिचे गुडघेही आता घाट उतरण्यातले नव्हते. बांधाबांधानं फिरून मेंढरांच्या बरगड्या दिसायला लागल्या. तारेच्या आत मात्र तीन वर्षांत तोंड न लागलेलं गवत कमरेइतकं उभं. वारा सुटला की लाटा उठायच्या. मेंढरं तारेला खेटून उभी राहायची, काट्यांतून माना घालायची. जिथं तिथं लोकरीचे पुंजके लटकलेले.

एक दिवस भर दुपारी ती कळप घेऊन गेटाशी आली. रविराज खुर्चीवरून उठला. दोघं गजांच्या अल्याड-पल्याड.

"घटकाभर सोड, रं. तळ्याला तेवढं जाऊन येत्यात."

"आयं, न्हाई जमत. खांबावर क्यामेरा हाय. खात्याचा सायेब रोज फोटू मागतो. मागच्या म्हैन्यात खालच्या वस्तीची गाय आत घावली तर माजी हजिरी कापली त्येनं."

हरणाबाईनं गज धरला. लेकाच्या कपाळावर घाम होता. शर्टाची कॉलर विरली होती.

"नगं मग," ती म्हणाली. "तुजं काम जायाला नगं. मायाची शाळा हाय."

ती वळली, पण मेंढरं वळेनात. एका पाटीनं तारेत मान घातली होती, ती ओढून काढताना कातडं फाटलं आणि गळ्यावरून रगत आलं. हरणाबाई तिथंच मातीत बसली आणि पदराच्या टोकानं ते पुसत राहिली. रविराज गजाआडून बघत होता. त्यानं किल्ली खिशातून काढली. हातात धरली. परत खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबाचा फोन आला. पलीकडच्या डोंगराला वणवा लागला होता, वरून विचारणा झाली होती. "कुंपणातलं सगळं गवत पंधरा दिवसांत निघालं पाहिजे. गावातली माणसं लाव, मशिनी लाव, काय करायचं ते कर. वेगळे पैसे मिळणार नाहीत."

रविराजनं एकदा गवताकडं बघितलं आणि एकदा खालच्या वाटेकडं.

"सायेब," तो म्हणाला, "मशिनी हायती माज्याकडं."

"किती?"

"बावीस."

"बावीस? अरे, एवढ्या कुठून आणल्यास?"

"घरच्याच हायती, सायेब. डिझेल लागत न्हाई. मुळापास्नं कापत्यात आन् वर खतबी टाकत्यात."

मग साहेबाला हसू आल्यासारखं वाटलं, का तो खोकला होता कोण जाणे. "कामाचे फोटो पाठव म्हणजे झालं. आणि फोटोत मशिनी दिसता कामा नयेत. कळलं?"

"कळलं, सायेब."

रविराज पळतच घरी गेला. हरणाबाई झाडलोट करत होती. "आयं, ऊठ! मेंढरं काड! गेट उघडलंय." तिला आधी ते खरंच वाटेना. "क्यामेरा?" एवढंच ती म्हणाली.

"क्यामेऱ्याच्या मालकानंच सांगितलंय."

बावीस मेंढरं गेटातून आत शिरली ती पहिल्यांदा तळ्याकडंच पळाली. तळाशी गुडघाभर पाणी होतं. ती पाण्यावर वाकली, पोटं फुगेस्तोवर प्याली आणि मग गवतात घुसली. वरची कुसळं वाळून गेली होती, पण बुडाला अजून ओल होती. मेंढरं खाली तोंड घालून तीच शोधत होती. हरणाबाई त्यांच्यामागनं चालली. कमरेइतक्या गवतात ती लहान दिसत होती.

दिवस कलला तसा एक तुकडा बराच मोकळा झाला. रविराजनं मोबाइल काढला.

"आयं, जरा मेंढरं बाजूला घी. तूबी सर. फोटूत येशील."

"कोन बघनार हाय, रं?"

"बघत्यात. सर जरा."

ती मेंढरांना हाकत बाभळीच्या आडोशाला गेली. त्यानं नुसत्या मोकळ्या जमिनीचे चार फोटो काढले आणि पाठवले. घटकाभरात उत्तर आलं. चांगलं काम, असंच चालू ठेवा. त्यानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. वाचताना हसला, मग तोंड उतरलं.

"पंधरा दिसानं परत कुलूप लावाय लागंल, आयं."

"लाव की," हरणाबाई म्हणाली. ती बाभळीच्या बुंध्याला टेकून बसली होती, पाय लांब पसरून. "तवर खाऊ दे."