अंडं आणि सासूबाई

छापखान्यातल्या कटिंग मशीनने माझा उजवा हात कोपराखाली नेला, तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. कार्यशाळेतही मी येरझाऱ्याच घालते. इथे कृत्रिम हात बनवतात आणि ते लावून बघायला माझ्यासारख्या हात गेलेल्यांना बोलावतात. तुटल्या हाताच्या उरलेल्या भागातला स्नायू आवळला की कृत्रिम मूठ मिटते, सैल सोडला की उघडते.

इथे पेला, किल्ली, अंडं, सगळं झकास. घरी मात्र बाळ रडलं की माझा जीव वरखाली होतो आणि मूठ मिटते ती सुटतच नाही. एकदा बाळाचं झबलं तिच्यात अडकलं. सासूबाईंनी फर्मान काढलं, "हा हात लावून बाळाला घ्यायचं नाही!" मला बाळाला दोन्ही हातांनी घ्यायचं होतं. बाकी काही नको होतं.

इंजिनीअरबाई म्हणाल्या, "पण इथे एकदाही असं झालं नाही."

"इथे माझ्याशी भांडतंय कोण?"

शेजारी नव्या हाताने ब्रश धरून बघणारा रंगारी हसला. "खरंय. बायकोशी वाजलं की माझा ब्रश मोडतो."

मग मी सासूबाईंनाच घेऊन आले, कडेवर बाळासकट. अंडं धरलं आणि म्हटलं, "आई, करा सुरुवात."

त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. "घरात पसारा, दूध रोज उतू जातंय, माहेरी काही शिकवलं की नाही..." फच्च! पडद्यावरची माझ्या स्नायूची रेघ अशी उसळली की इंजिनीअरबाई खुर्चीतून उठल्याच.

पुढे पुष्कळ खेपा झाल्या. मी आणि रंगारी चिडून दाखवायचो, बाई हाताला तो झटका मनावर न घ्यायला शिकवायच्या. आज शेवटची परीक्षा. सासूबाईंनी तोंडाचा पट्टा सोडला आणि शेवटी त्याच दमल्या. अंडं शाबूत!

"टाळ्या वाजवायच्यात, कुणीतरी एक हात उसना द्या," रंगारी ओरडला.

सासूबाई जवळ आल्या. हळूच म्हणाल्या, "अगं, बाळासाठी रात्र रात्र उठतेस, तेही एका हाताने. मला नसतं जमलं."

फच्च!

पिवळा बलक मनगटावरून ओघळला. मला रडू आवरेना. हाताशी आलेलं बाळ पुन्हा दुरावलं, असंच वाटलं.

"हे तर आपण मोजलंच नव्हतं," इंजिनीअरबाई पुटपुटल्या.

मी हात काढायला लागले. सासूबाईंनी मला अडवलं, बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि नवं अंडं माझ्या मुठीत ठेवलं.

"माझ्याकडून असं ऐकायची सवय नाही ना तुला. होईपर्यंत म्हणत राहते. धर."